बदनाम बोटांची प्रार्थना

रविवारच्या उपासनेत की-बोर्डची साथ करू इच्छिणाऱ्या तरुणाला आज काही गोष्टी अगदी सुरुवातीलाच शिकविल्या जातात. कागदावर छापलेले स्वर हा केवळ सांगाडा असतो. गाणाऱ्याच्या दोन ओळींमध्ये जी जागा उरते, ती वादकाने भरायची असते. आणि मंडळी एखाद्या शब्दावर रेंगाळली, तर वाद्यानेही तिथेच रेंगाळायचे असते. हे आता नियमासारखे सांगितले जाते. मात्र सुमारे नव्वद वर्षांपूर्वी अमेरिकेतील शिकागो शहरात अशाच वादनामुळे एका पियानोवादकाला प्रतिष्ठित चर्चमधून हाकलले जात होते. टॉमस अँड्र्यू डॉर्सी हे त्याचे नाव. कृष्णवर्णीयांच्या गॉस्पेल संगीताचे जनक म्हणून पुढे जगाने त्यांना ओळखले. (त्याच काळात टॉमी डॉर्सी नावाचे एक गौरवर्णीय ट्रॉम्बोनवादक गाजत होते. नामसाधर्म्यामुळे आजही अनेकांची गल्लत होते. दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता.)

जॉर्जिया राज्यातील व्हिला रिका या लहानशा गावात १ जुलै १८९९ रोजी डॉर्सी यांचा जन्म झाला. वडील बॅप्टिस्ट पंथाचे फिरते प्रवचनकार होते. प्रवचनावर घर चालत नसल्याने ते दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. आई एटा चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत. घरातही पायाने भाता हलवून वाजविण्याचा एक लहान ऑर्गन होता. मराठी संगीत नाटकांच्या साथीला जो ऑर्गन असे, त्याच कुळातले हे वाद्य. आईचे हात पाहत आणि तिच्या बाजूला बसून पट्ट्या चाचपत मुलाचे पहिले शिक्षण झाले. एक मामा गिटारवर ब्ल्यूज वाजवीत असे, तर आईच्या माहेरकडील आणखी एक नातलग चर्चमधील समूहगान शिकवीत असे. देवाचे गाणे आणि रस्त्यावरचे गाणे अशा दोन्ही वाटा त्या एकाच घरातून जात होत्या.

१९०८च्या सुमारास हे कुटुंब पोटापाण्यासाठी अटलांटा शहरात आले. गावात प्रवचनकाराचा मुलगा म्हणून जो मान होता, तो शहरात संपला. वडिलांना मिळेल ती मजुरी करावी लागली आणि आई लोकांचे कपडे धुऊ लागली. गावाकडचा, काळासावळा, फाटक्या वेशातला हा मुलगा शाळेत चेष्टेचा विषय झाला आणि काही वर्षांतच त्याने शाळा सोडली. त्याची खरी शाळा भरली ती डेकेटर रस्त्यावरील ‘८१’ नावाच्या नाट्यगृहात. तिथे तो मध्यंतरात प्रेक्षकांना शीतपेये विकीत असे. विक्री संपली की त्याचा मुक्काम रंगमंचासमोर पियानो वाजविणाऱ्यांच्या पाठीशी. त्यांची बोटे कुठे पडतात, डावा हात ठेका कसा धरतो, मूकपटातला प्रसंग बदलला की सुरावट कशी वळते, हे सारे तो डोळ्यांनी टिपत असे आणि घरी येऊन आईच्या ऑर्गनवर ते पुन्हा जुळवून पाहत असे. पुढे एका शिक्षिकेकडे त्याने पायपीट करून रीतसर धडेही घेतले. स्वरलिपी वाचता आली पाहिजे, एवढे त्या कोवळ्या वयातही त्याला कळले होते.

पण ज्या शैलीने त्याचे नाव झाले, ती कोणत्याही शिक्षिकेने शिकविलेली नव्हती. घरभाड्याचे पैसे उभे करण्यासाठी कृष्णवर्णीयांच्या वस्तीत रात्री मेजवान्या होत. पाहुण्यांकडून थोडे पैसे घ्यायचे, खाणे-पिणे पुरवायचे आणि पियानोवर कुणाला तरी बसवायचे, असा तो मामला. गोंगाट वाढला की शेजारी तक्रार करीत आणि पोलीस दाराशी येत. त्यामुळे नाचणाऱ्यांना ठेका तर मिळाला पाहिजे, पण आवाज भिंतीपलीकडे जाता कामा नये, असे वाजविणारा वादक यजमानांना हवा असे. किशोरवयीन डॉर्सी यांनी ही कला साधली. पट्टीवर बोट आपटायचे नाही, दाबायचे. डाव्या हाताने लय तेवढी जागती ठेवायची. कुजबुजणारा पियानो अशी या वादनाची ख्याती झाली. पुढे चर्चमध्ये प्रार्थना सुरू असताना तिच्याखाली हलकेच वाद्य वाहते ठेवण्याची जी पद्धत रूढ झाली, तिच्याशी या चोरट्या मेजवान्यांचे नाते जोडण्याचा मोह होतो. ते पुराव्याने सिद्ध करणे अवघड आहे. हलक्या हाताचा हा धडा डॉर्सी यांनी मात्र कुठल्या चर्चमध्ये घेतलेला नव्हता, हे निश्चित.

पहिल्या महायुद्धाच्या काळात दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीयांप्रमाणे डॉर्सी यांनीही उत्तरेची वाट धरली. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९१० साली ४४ हजार होती. १९३० साली ती २ लाख ३३ हजारांवर गेली. डॉर्सी दिवसा पोलादाच्या कारखान्यात राबत आणि रात्री पियानो वाजवीत. सोबत संगीतरचना शिकविणाऱ्या एका शाळेतही त्यांनी नाव घातले. १९२१ साली शिकागोत राष्ट्रीय बॅप्टिस्ट अधिवेशन भरले, तेव्हा निक्स नावाच्या प्रवचनकाराचे गाणे त्यांनी ऐकले. ओळ तीच, स्वरही तेच, पण निक्स एखाद्या शब्दाला असा काही हेलकावा देत की श्रोत्यांचे भान हरपे. ब्ल्यूजमध्ये जे आपण रोज रात्री करतो तेच हे आहे, एवढे या बावीस वर्षांच्या वादकाने ओळखले. काही दिवस चर्चची गाणी लिहून पाहिली. पण त्यात पैसा नव्हता.

पैसा होता ब्ल्यूजमध्ये. १९२४ साली मा रेनी या विख्यात गायिकेने त्यांना आपल्या वाद्यवृंदाचे प्रमुख नेमले. रंगमंचावर एका भल्यामोठ्या ग्रामोफोनची प्रतिकृती उभी केलेली असे. आतून गाण्याचा आवाज येई, मग तिचे दार उघडे आणि सोन्याच्या दागिन्यांनी मढलेली मा रेनी गात बाहेर पडे. पियानोवर जॉर्जिया टॉम, अर्थात डॉर्सी. १९२५ साली त्यांनी नेटी हार्पर या तरुणीशी विवाह केला आणि तीही रेनीच्या पोशाखांची व्यवस्था पाहण्यासाठी दौऱ्यावर येऊ लागली. सारे स्थिरस्थावर झाल्याचे दिसत असतानाच १९२६ साली वाजवता वाजवता आपला हात डळमळत असल्याचे डॉर्सी यांच्या लक्षात आले. काही काळातच काम बंद पडले. तीव्र नैराश्याने त्यांना ग्रासले आणि ते जवळपास दोन वर्षे टिकले. डॉक्टरांना दोष सापडेना, वाद्याला हात लावावासा वाटेना. जीव देण्याचा विचारही मनात येऊन गेला. नेटी कपडे धुण्याच्या कारखान्यात काम करून घर चालवीत होती.

अखेर भावजयीने त्यांना एका चर्चमध्ये नेले. तेथील पाळकांनी आपल्या घशातून जिवंत साप ओढून काढला आणि त्या क्षणी आजार पळाला, ही हकीगत डॉर्सी आयुष्यभर सांगत राहिले. कुणी तिला श्रद्धा म्हणेल, कुणी मनाचा खेळ. त्यानंतर ते पुन्हा पियानोवर बसले, एवढे खरे. एका तरुण शेजाऱ्याच्या आकस्मिक मृत्यूने हेलावून त्यांनी ‘इफ यू सी माय सेव्हियर’ हे गीत रचले. यापुढे केवळ देवाचे संगीत करायचे, असा निश्चय झाला.

हा निश्चय फार टिकला नाही. चरित्रकारांना अडचणीचा वाटणारा हा भाग झाकण्याचे कारण नाही. या आध्यात्मिक पुनर्जन्माच्या वर्षातच, म्हणजे १९२८ साली, टॅम्पा रेड हा गिटारवादक एक चावट गाणे घेऊन त्यांच्याकडे आला. त्याला चाल हवी होती. डॉर्सी यांनी आढेवेढे घेतले, पण घरात दारिद्र्य होते. ‘इट्स टाइट लाइक दॅट’ हे ते गाणे देशभर तुफान गाजले. मग पुढची चार वर्षे एका हाताने प्रार्थनागीते आणि दुसऱ्या हाताने द्व्यर्थी ब्ल्यूज असा त्यांचा दुहेरी संसार चालू राहिला. चर्चच्या जुन्या धुरीणांना नेमके बोट ठेवायला जागा मिळाली ती इथेच. शनिवारी रात्री दारूच्या अड्ड्यावर जी बोटे चालतात, तीच रविवारी सकाळी देवासमोर कशी चालवायची, असा त्यांचा आक्षेप होता.

आक्षेपाचे दुसरे कारण अधिक खोल होते. शिकागोतील मोठ्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये तेव्हा प्रशिक्षित गायकवृंद असत. ते हॅन्डेल, मोझार्ट यांच्या रचना गात. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या समाजाने सुसंस्कृतपणाची ही खूण मोठ्या कष्टाने मिळविली होती. गाताना डोलणे, टाळ्या वाजविणे, हुंकार देणे या दक्षिणेतील खेड्यांच्या खुणा मागे टाकायच्या, असाच त्यांचा आग्रह होता. डॉर्सी यांचा पियानो नेमक्या त्याच खुणा परत आणत होता. आपल्याकडील कोमल गंधार आणि कोमल निषादाच्या आसपास घोटाळणारे ब्ल्यूजचे स्वर, डाव्या हाताचा झुलता ठेका, एका मात्रेचे तीन भाग करून दिलेला हिंदोळा, गायकाची ओळ संपताच तिला उजव्या हाताने दिलेला जबाब, ही त्यांची सामग्री. आपल्या छापील प्रतींमध्ये ते यातले फारच थोडे लिहीत. कागदावर साधी चाल आणि मोजकी सुरावट असे. बाकीचे गाणाऱ्याने आणि वाजविणाऱ्याने जागेवर उभे करायचे, ही अपेक्षा. भजनाच्या पेटीवाल्याला यात नवल वाटणार नाही. स्वरलिपीबरहुकूम वाजविणे म्हणजेच शिस्त मानणाऱ्या गायकवृंदप्रमुखांना मात्र हा अनाचार वाटला.

डॉर्सी यांनी आपल्या गीताच्या पाचशे प्रती टपालाने निरनिराळ्या चर्चना पाठविल्या. बराच काळ मागणीचे एकही पत्र आले नाही. कित्येक चर्चमध्ये गाण्याची परवानगी मिळे, पण पाळकांचे आभारप्रदर्शन आणि घोषणा लांबत जात आणि त्यांची पाळीच येत नसे. १९३० साली राष्ट्रीय बॅप्टिस्ट अधिवेशन पुन्हा शिकागोत भरले. तिथे विली मे फोर्ड स्मिथ या गायिकेने ‘इफ यू सी माय सेव्हियर’ गायिले आणि सभागृह उसळले. त्या अधिवेशनात गीताच्या सुमारे ४ हजार प्रती खपल्याचे सांगितले जाते. १९३१ साली एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चच्या पाळकांनी, दक्षिणेतून आलेल्या साध्या माणसांना आपले वाटेल असे गाणे हवे म्हणून, डॉर्सी आणि गायक थिओडोर फ्राय यांना नवा वृंद उभारण्यास सांगितले. पुढच्या वर्षी पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चनेही त्यांना बोलाविले.

आणि मग १९३२चा ऑगस्ट उजाडला. नेटीचे दिवस भरत आले होते. सेंट लुईस येथे एका धार्मिक सोहळ्यात डॉर्सी यांना गायचे होते. जावे की न जावे, असे त्यांच्या मनात होते. पहाटे मोटारीने निघाल्यावर स्वरलिपीच्या कागदांची पेटी घरीच राहिल्याचे त्यांच्या ध्यानात आले. ते परत फिरले. नेटी शांत झोपली होती. तिला न उठवता त्यांनी पेटी उचलली आणि पुन्हा वाट धरली. सेंट लुईसला गाणे रंगात आले असताना तार घेऊन मुलगा आला. बाळंतपणात नेटीचा मृत्यू झाला होता. ते धावतपळत शिकागोला पोहोचले तेव्हा नवजात मुलगा जिवंत होता. काही तासांतच तोही गेला. माय-लेकरांना एकाच शवपेटीत ठेवून दफन करण्यात आले.

ज्या देवासाठी आपण दुसऱ्या संगीतावर पाणी सोडायला निघालो, त्याने आपल्याशी हा असा व्यवहार करावा, या विचाराने डॉर्सी कडवट झाले. गॉस्पेल सोडून पुन्हा ब्ल्यूजकडे वळायचे, असे त्यांच्या मनाने घेतले. दफनानंतर काही दिवसांनी फ्राय त्यांना पोरो कॉलेज या संस्थेत घेऊन गेले. तिथे संगीताच्या खोलीत एक पियानो होता. डॉर्सी त्यासमोर बसले आणि बोटे आपोआप एका ओळखीच्या चालीवर फिरू लागली. चाल त्यांची नव्हती. जॉर्ज ॲलन या गौरवर्णीय संगीतकाराची १८४४च्या सुमाराची ‘मेटलंड’ ही ती जुनी स्तोत्रचाल. चर्चमध्ये ती सरळसोट चालीने गायिली जाई. डॉर्सी यांनी ती संथ केली, स्वर जागोजागी ताणले, मध्ये श्वासाला जागा ठेवली आणि त्या जागांत आपले शब्द बसविले. थकलेला, खचलेला माणूस काळोखात प्रभूकडे हात मागतो, एवढाच त्या शब्दांचा आशय. त्यांनी प्रभूला धन्य असे विशेषण लावले होते. फ्राय यांनी ते बदलून अनमोल या अर्थाचा शब्द सुचविला आणि गीताला ‘टेक माय हॅण्ड, प्रेशस लॉर्ड’ हे रूप मिळाले. एबेनेझर चर्चमध्ये ते प्रथम गायिले गेले तेव्हा फ्राय गात होते आणि डॉर्सी पियानोवर होते. मंडळी आसनांवरून उठली. आक्षेप घेणारा जुना वर्ग लगेच विरघळला असे मुळीच नाही, परंतु त्यानंतर डॉर्सी यांनी ब्ल्यूजकडे वळून पाहिले नाही.

दु:खातून सावरल्यावर जे घडले, ते अधिक व्यवहारी आहे आणि तितकेच महत्त्वाचे. सॅली मार्टिन या खणखणीत आवाजाच्या गायिकेला त्यांनी सोबत घेतले. तिला स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण हिशेब चोख येत होता. डॉर्सी यांच्या घरी गाण्यांचे पैसे एका पिशवीत पडलेले असत आणि येणारा-जाणारा त्यात हात घाली. सॅलीने वह्या घातल्या आणि दुकान उभे केले. गावोगावी जाऊन तिने गायकवृंदही स्थापन केले. दोघांचे खटके उडत. १९४० साली तिने वेगळी वाट धरली आणि केनेथ मॉरिस यांच्यासह स्वत:ची प्रकाशन संस्था काढली. पण डॉर्सी यांच्या व्यवसायाचा पाया तिने घातला, हे मान्य करावेच लागेल. महेलिया जॅक्सन या तरुणीला तर डॉर्सी यांनी कुठे थांबायचे, कुठे चढायचे, सभा कशी पकडायची, हे शिकविले. ती रस्त्याच्या कोपऱ्यावर गाई आणि ते दहा-दहा सेंटला गाण्यांचे कागद विकीत. हीच महेलिया १९७१ साली भारतात आली. दिल्लीतील तिच्या कार्यक्रमाला तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या.

गॉस्पेल गायकवृंदांच्या राष्ट्रीय अधिवेशनाचे पहिले संमेलन १९३३ साली भरले. डॉर्सी चार दशकांहून अधिक काळ त्याचे अध्यक्ष राहिले. दरवर्षी देशभरातील वृंद एकत्र येत आणि नवी गाणी प्रत्यक्ष गाऊन-वाजवून शिकविली जात. कागदात जे मावत नव्हते ते पोहोचविण्याचा हाच एक मार्ग होता. अधिवेशनातून परतलेला पियानोवादक आपल्या गावी जाऊन दुसऱ्याला दाखवी.

त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची नावे पाहिली की या शिक्षणाचा आवाका कळतो. एबेनेझरच्या तरुणांच्या वृंदासाठी त्यांनी आणि फ्राय यांनी रॉबर्टा मार्टिन या मुलीला पियानोवर बसविले. तिने अभिजात पियानोचे शिक्षण घेतलेले होते. तिने त्यात गॉस्पेलचा झोल मिसळून अशी भारदस्त शैली घडविली की पुढील पिढीचे वादक तीच प्रमाण मानू लागले. केनेथ मॉरिस यांनी १९३९च्या सुमारास शिकागोतील एका चर्चमध्ये विजेवर चालणारा हॅमंड ऑर्गन आणला. पियानो आणि हॅमंड ही जोडी तिथून कृष्णवर्णीय चर्चची ओळख बनली. आजच्या की-बोर्डवर एक कळ दाबली की हे दोन्ही आवाज निघतात. पिलग्रिममधील डॉर्सी यांच्या बालवृंदात जेम्स क्लीव्हलंड नावाचा एक गरीब मुलगा गात असे. घरी पियानो नव्हता, म्हणून तो खिडकीच्या कठड्यालाच पट्ट्या समजून त्यावर बोटे चालवीत असे. रॉबर्टा मार्टिन हा त्याचा आदर्श. पुढे याच क्लीव्हलंडने गॉस्पेल वृंदांना आधुनिक रूप दिले आणि १९६०च्या दशकात हजारोंना शिकविणारी कार्यशाळा उभी केली.

गाण्यांचा प्रवास लेखकाच्या हाताबाहेर केव्हाच गेला होता. ‘पीस इन द व्हॅली’ एल्विस प्रिस्लेने १९५७ साली ध्वनिमुद्रित केले. ‘प्रेशस लॉर्ड’ हे मार्टिन ल्यूथर किंग यांचे आवडते गीत होते. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमधील लॉरेन मोटेलच्या सज्जात उभे असताना, त्या रात्रीच्या सभेत ते वाजवावे, असे त्यांनी बेन ब्रँच या वादकाला सांगितले. काही क्षणांतच गोळी लागली. अंत्यविधीत महेलियाने ते गायिले. १९७२ साली महेलियाच्या अंत्यविधीत ॲरेथा फ्रँकलिनने गायिले. १९७३ साली माजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना निरोप देताना लिओन्टाइन प्राइस या ऑपेरा गायिकेच्या तोंडी तेच शब्द होते.

डॉर्सी यांनी १९४१ साली दुसरा विवाह केला. त्यांना दोन अपत्ये झाली. ब्ल्यूजबद्दल त्यांनी कधी लाज बाळगली नाही. त्या काळाविषयी विचारले की ते मोकळेपणाने बोलत. चांगले गाणे ते चांगलेच, मग ते कुठेही गायिले जावो, अशी त्यांची धारणा होती. १९७९ साली नॅशव्हिल येथील गीतकारांच्या सन्मानदालनात प्रवेश मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. १९८२ साली प्रदर्शित झालेल्या ‘से आमेन, समबडी’ या माहितीपटात सॅली मार्टिन, विली मे फोर्ड स्मिथ यांच्यासह वृद्ध डॉर्सी पाहायला मिळतात. शरीर थकलेले, पण गाणे कानावर पडताच हात हलू लागतात. अखेरची वर्षे स्मृतिभ्रंशाच्या आजारात गेली. २३ जानेवारी १९९३ रोजी शिकागोत वयाच्या ९३व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चची इमारत मुळात ज्यूंचे प्रार्थनास्थळ म्हणून ॲडलर आणि सलिव्हन या वास्तुविशारदांनी उभारली होती. ६ जानेवारी २००६ रोजी दुरुस्तीचे काम सुरू असताना लागलेल्या आगीत ती जळाली. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या.